पाय उघडत नाही

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. एवढं ऐकून तुमच्यातले काही जण हळहळायला लागले असतील, तर आधी ते थांबवा. मला कुणी अडगळीत टाकलेलं नाही, माझ्यावर धूळ साचलेली नाही आणि मला कुणाची दया नको आहे. मी रोज सकाळी नऊ वाजता सुरू होतो. माझं डोकं अजून ठिकाणावर आहे. ज्यांचं नव्हतं त्यांची ही हकीकत आहे.

माझा जन्म एका दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. एका चष्मेवाल्या माणसानं चार खोक्यांतून माझे भाग काढले, मला जोडलं आणि कळ दाबली. मी बारीक आवाज केला. तो म्हणाला, "चला, हा जगला." माझ्याविषयी आजवर कुणी बोललेलं सर्वांत समंजस वाक्य हेच. दुसऱ्या दिवशी मी टेम्पोतून बुटांच्या कारखान्यात आलो आणि तेव्हापासून समंजस बोलणं फारसं कानावर आलेलं नाही.

कारखाना हा शब्द मालकांचा. आहेत तीन खोल्या. पुढच्या खोलीत गिऱ्हाईक बसतं, मधल्या खोलीत मी असतो, आणि मागच्या खोलीत चामडं, डिंक आणि लाकडी साचे यांचा पसारा आहे. इथले बूट साधे नसतात. कुणाचा एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड असतो, कुणाचा तळवा वाकडा असतो, कुणाला बोटं नसतात. त्यांच्या पायाचं माप घेऊन बूट बेतायचा. पाय जेवढा आखूड, तेवढा बुटाचा तळ जाड करायचा, म्हणजे माणूस सरळ उभा राहतो. हे काम फार चांगलं आहे. मी टर उडवतो ती माणसांची.

माणसं तीन. पहिले मालक. त्यांना सगळं कळतं, फक्त त्यातलं काही करता येत नाही. दुसऱ्या मालकीणबाई. त्यांना बरंच करता येतं, पण मालकांसमोर त्या ते विसरतात. तिसरा मागच्या खोलीतला म्हातारा कारागीर. "सूतभर कमी कर, सूतभर वाढव" असं तो स्वतःशीच बडबडत असतो, म्हणून त्याचं नावच सूतभर पडलं. त्याच्या हाताला मी मानतो. पण त्याचा ताठा असा, की माझ्या खोलीतून जाताना तो मान वळवून भिंतीकडे बघत जातो. यंत्राकडे बघितलं तर जणू त्याची कला आटेल.

इथे एक शब्द समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. गिऱ्हाईक गावोगावचं. त्यांनी घरी कागदावर पाय ठेवून पेन्सिलीनं कड काढायची, त्याचा फोटो एका खास प्रोग्रॅममध्ये घालून मापं भरायची, डॉक्टरांची चिठ्ठी त्यातच जोडायची आणि ती फाईल इमेलीनं आम्हाला पाठवायची. तो प्रोग्रॅम आमच्याच कारखान्यानं सगळ्यांना दिला होता. या फाईलीला इथे कुणीच फाईल म्हणत नाही. सगळे म्हणतात 'पाय'. "आज किती पाय आले?" "तीन आले, एक अडकलाय." नवं गिऱ्हाईक पुढच्या खोलीत बसून हे ऐकतं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

पाय आला की मी तो उघडायचो, मालक तो छापून मागच्या खोलीतल्या खिळ्याला लावायचे, आणि मग गिऱ्हाइकाला उत्तर जायचं, "पाय पोचला." या दोन शब्दांचा अर्थ होता, आम्ही माप पाहिलं आहे, तुम्ही निश्चिंत राहा. कधी कधी जुनं गिऱ्हाईक फोनवरच म्हणायचं, "गेल्या वेळेसारखाच करा." मग कागद निघायचा नाही. मालक पाटीवर नुसतं नाव आणि वार लिहायचे. म्हणजे खिळ्याला कागद नसेल तर पाय जुनाच, हे सूतभर न विचारता समजून घ्यायचा. बारा वर्षं हे बिनबोभाट चाललं. मी हजारो पाय उघडले. मालक पाहुण्यांना माझ्याजवळ आणून सांगायचे, "हा आहे म्हणून आम्ही आहोत." बोलताना हात माझ्या डोक्यावर असायचा. हाताला डिंक असायचा, ती गोष्ट वेगळी.

मग जावईबापू आले.

मालकांच्या एकुलत्या एक मुलीचा हा नवरा. तो कुठल्याशा कचेरीत तक्ते भरतो आणि त्या जोरावर स्वतःला संगणकातला जाणकार समजतो. दोन दिवस राहायला आला होता. दुपारी मायलेकी खरेदीला गेल्या, मालकांचा डोळा लागला, आणि या गृहस्थाला करमेना. तो माझ्यासमोर येऊन बसला. मालक जागे होऊन आले तेव्हा तो माझ्याकडे असा बघत होता, जसं कुणी दुसऱ्याच्या घरातल्या गळक्या नळाकडे बघतं.

"बाबा, अजून हीच सिस्टिम वापरता तुम्ही?"

मालक एकदम ओशाळले. "चालतंय की. पाय उघडतात."

"अहो, ही केव्हाच बाद झाली. थांबा, तासाभरात नवी टाकून देतो."

"तुम्ही म्हणता म्हणजे बरोबरच असणार. आम्हाला काय कळतंय," मालक म्हणाले. आयुष्यात एकदा ते खरं बोलले आणि तेही नको तिथे.

नव्या सिस्टिमनं अकरा प्रश्न विचारले. जावईबापूंनी अकराही वेळा न वाचता 'होय' दाबलं. सहावा प्रश्न असा होता, की जुने प्रोग्रॅम इथे चालणार नाहीत, ते काढून टाकायचे का. माझ्या डोळ्यांदेखत पायांचा प्रोग्रॅम गेला. जावईबापू तेव्हा मोबाइलवर कुणाला तरी सांगत होते, की सासऱ्यांचं जरा काम करून देतोय. संध्याकाळी माझ्या पडद्यावर निळं सरोवर आलं आणि चिन्हं गोलाकार झाली. मालकीणबाईंनी जावयाचं कौतुक केलं. मालकांनी सरोवर बघून मान डोलावली. सकाळी पाहुणे गेले.

सोमवारी पहिला पाय आला. मालकांनी पेपरक्लिपच्या चिन्हावर टिचकी मारली. पाय उघडायच्या ऐवजी मी विचारलं, "ही फाईल कशानं उघडायची?" मला तसं विचारावंच लागलं. उघडायचं साधन काढून घेतल्यावर मलाही त्या फाईलीतलं काही वाचता येत नव्हतं. खाली यादी होती. मालकांनी चष्मा वर केला, खाली केला आणि गाण्यांचा प्रोग्रॅम निवडला. बराच वेळ वाट पाहिली. पायातून गाणं निघालं नाही. मग त्यांनी लिहायचा प्रोग्रॅम निवडला. पडद्यावर चौकोन, प्रश्नचिन्हं आणि कसलीशी फुलं यांचा पूर आला. तो त्यांनी छापला. चाळीस पानं. त्यातलं एक हातात धरून सूतभर म्हणाला, "हा कुठल्या प्राण्याचा पाय म्हणायचा?"

"अहो, जावईबापूंना फोन करा," मालकीणबाई म्हणाल्या.

"आणि काय सांगू? तुम्ही हात लावलात आणि आमचं बंद पडलं, असं सांगू? त्यांना काय वाटेल? पोरीच्या संसाराचा तरी विचार कर."

पायाच्या फाईलीचा आणि पोरीच्या संसाराचा संबंध काय, हे मला अजून सापडलेलं नाही. माझी स्मरणशक्ती चांगली आहे, तरी. पण मालकीणबाईंना तो लगेच पटला. त्यांनीही तोंडात मिठाची गुळणी धरली. रविवारी जावयाचा फोन आला, तेव्हा मालक म्हणाले, "संगणक ना? पळतोय नुसता." पलीकडे जावईबापू हसले असणार. खोटं बोलून एकमेकांना खूश करण्याचा या घराण्याला नादच आहे.

मालकांनी मग मार्ग काढले. पहिला आठवडा गिऱ्हाइकांना "पाय पुन्हा पाठवा" म्हणून कळवलं. लोकांनी दोनदा पाठवला, तीनदा पाठवला. एका निवृत्त हेडमास्तरांनी चौथ्यांदा पाठवताना लिहिलं, की आता माझ्याकडे पाठवायला एकच पाय उरला आहे. मालकांना लाज वाटली. पण त्यांना न उघडणाऱ्या पायाची लाज वाटत नव्हती, विचारण्याची वाटत होती. म्हणून त्यांनी विचारणं बंद केलं. काहींची मापं फोनवर लिहून घेतली. बाकीचं गिऱ्हाईक जुनं, मोठी माणसं. त्यांचे साचे मागच्या फळीवर होतेच. मोठ्या माणसांचे पाय सहसा बदलत नाहीत, म्हणून आमची अब्रू सात आठवडे टिकली. मालकांना वाटलं ती त्यांच्या हुशारीनं टिकली.

आणि एक गोष्ट त्यांनी मुळीच बंद केली नाही. पाय उघडो न उघडो, उत्तर जात राहिलं, "पाय पोचला."

सातव्या आठवड्यात एका नऊ वर्षांच्या मुलीच्या आईची इमेल आली. ही मुलगी चार वर्षांपासून आमच्याकडे येत होती. तिचा डावा पाय उजव्यापेक्षा साडेतीन सेंटिमीटर आखूड. आल्या आल्या ती सरळ मागच्या खोलीत जायची आणि सूतभरच्या स्टुलाशेजारी खाली बसायची. त्या माणसाला मी फक्त तिच्याशी बोलताना हसलेलं ऐकलं आहे. आईनं लिहिलं होतं, "सोबत तिचा पाय जोडला आहे, डॉक्टरांची चिठ्ठीही आहे. तेवढं नीट पाहून घ्या. शुक्रवारी बूट न्यायला येऊ."

त्या पायात काय होतं, ते मला नंतर कळलं. तुम्हाला आत्ताच सांगतो, म्हणजे पुढे काय घडत होतं ते तुम्हाला नीट दिसेल. मुलीच्या पायाचं ऑपरेशन झालं होतं. हाड थोडं थोडं वाढवून फरक साडेतीनवरून दीडवर आणला होता. कित्येक महिने ती कुबड्यांवर होती. डॉक्टरांनी चिठ्ठीत लिहिलं होतं, की दीड सेंटिमीटरचा बूट घालून तिनं कुबड्या सोडाव्यात. तळ त्याहून उंच झाला तर तोल जाऊन सगळा भार नव्या हाडावर येईल, तेवढं जपा.

मालकांनी पेपरक्लिपवर टिचकी मारली. मी विचारलं, कशानं उघडायची. त्यांनी खिडकी बंद केली आणि लिहिलं, "पाय पोचला. बूट शुक्रवारी तयार." मग उठून पाटीवर लिहिलं, 'छोटी, शुक्रवार.'

सूतभरनं पाटी पाहिली, खिळा पाहिला. कागद नव्हता. फळीवरून मुलीचा जुना साचा काढला आणि दारात येऊन उभा राहिला. माझ्याकडे पाठ करून.

"मालक, छोटीचा पाय आलाय ना? वर्षभरात वाढला नाही वाटतं."

"पोचलाय, पोचलाय. तुम्ही लागा कामाला."

यालाही मी सोडणार नाही. "कागद दाखवा" एवढं म्हणायला काय जात होतं? पण मग मालकांना माझ्यासमोर बसावं लागलं असतं आणि यालाही माझ्याकडे बघावं लागलं असतं. तो गेला आणि त्यानं जीव ओतून एक सुंदर बूट केला. साडेतीन सेंटिमीटरचा. लांबी मात्र अंदाजानं सूतभर वाढवली, लहान पोर आहे म्हणून.

शुक्रवारी मायलेकी आल्या. मुलगी कुबड्या टेकत टेकत माझ्या खोलीत आली आणि मागच्या खोलीकडे हाक मारली, "काका, आज मी कुबड्या इथेच ठेवून जाणार आहे."

सूतभर बूट घेऊन बाहेर आला. कुबड्या पाहून त्याचा चेहरा बदलला. "हे काय गं? कशाला या?"

"ऑपरेशन झालं ना. तुम्हाला माहितीय की." एव्हाना तिनं खुर्चीत बसून बूट चढवला होता आणि स्वतःच पट्टे आवळले होते.

"थांब. जरा थांब," सूतभर म्हणाला. आई म्हणाली, "हळू गं." पण इतके महिने कुबड्यांवर काढलेलं मूल हळू कसं उठणार? तिनं दोन्ही कुबड्या माझ्या टेबलाला टेकवल्या आणि चालायला लागली. पहिलं पाऊल पडलं. दुसऱ्याला डावी बाजू वर उचलली गेली, कंबर तिरकी झाली आणि ती आपल्याच बुटावरून आडवी कोसळली. डावा पाय अंगाखाली आला.

ती रडली नाही. पाय धरून बसली आणि बुटाकडे बघत म्हणाली, "काका, हा माझा जुना आहे ना?"

सूतभरनं खिशातली पट्टी काढून तळ मोजला. मोजायची गरज नव्हती, त्यानंच केला होता. "साडेतीन," तो म्हणाला.

"दीड लिहिलं होतं," आई म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "डॉक्टरांची चिठ्ठी जोडली होती. तुम्ही लिहिलंत, पाय पोचला."

"पोचला होता ना," मालक म्हणाले.

"मग बघितला नाहीत?"

मालकांनी माझ्याकडे बोट केलं. "ते जरा सिस्टिमचं..." एवढं बोलून ते थांबले. बारा वर्षं हा माणूस माझ्यामुळे कारखाना चालतो म्हणून सांगत होता, त्यानं मला एका वाक्यात आरोपी केलं, आणि ते वाक्यही त्याला पुरं करता आलं नाही.

"उघडला नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "सात आठवडे झाले, एकही पाय उघडलेला नाही. आम्ही कुणाला सांगितलं नाही."

आईनं मुलीला उचललं. सूतभर कुबड्या घेऊन त्यांच्यामागे रस्त्यापर्यंत गेला. मायलेकी गाडीत बसून दवाखान्यात गेल्या.

मालकीणबाईंनी नवऱ्याला विचारलं नाही. त्यांनी फोन उचलला आणि जावयाला लावला.

"बोला आई. काय, संगणक चालत नाही का?"

"संगणक चालतोय, जावईबापू. मुलगी चालत नाहीये."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सरोवर, गाण्यांचा प्रोग्रॅम, चाळीस पानं, कुबड्या. मालक खुर्चीत आक्रसून बसले होते. जावयाला राग येईल, आपल्या पोरीला बोल लागेल, जन्मभराचं तोंड वाकडं होईल. जावईबापू म्हणाले, "अहो, मग पहिल्या दिवशीच सांगायचं ना. त्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती मिळते. मी सांगतो तसं दाबत जा." मालकीणबाई दाबत गेल्या. चार मिनिटं लागली. मी मोजली. ना कुणाचा संसार मोडला, ना कुणाचं तोंड वाकडं झालं. सात आठवडे ज्या भुताला घाबरून ही माणसं जगली, ते भूत फोनवर नीट बोलत होतं आणि शेवटी "सॉरी" म्हणालं. त्याच्याविषयी माझं मत फार बदललेलं नाही. पण मालकांविषयी मी जे मत केलं होतं, ते आता अगदी पक्कं झालं.

मालकीणबाईंनी मुलीचा पाय उघडला. निळ्या पेन्सिलीनं काढलेल्या दोन कडा शेजारी शेजारी होत्या. त्यांखाली डॉक्टरांची चिठ्ठी होती आणि दीडचा आकडा दोनदा अधोरेखित केलेला होता. कोपऱ्यात वेड्यावाकड्या अक्षरांत आणखी काही लिहिलं होतं. सूतभर रस्त्यावरून परत आला, हात पुसले आणि बारा वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याचा चष्मा आत राहिला होता.

"तिनं माझ्यासाठी काही लिहिलंय का?"

मालकीणबाईंनी वाचलं. "काका, आता फक्त दीड राहिलं. दोन्ही पाय सारखे झाले की मी बुटासाठी येणार नाही. पण तुमच्याकडे बसायला येईन. रागावू नका."

सूतभरनं तो कागद छापून मागितला, खिळ्याला लावला आणि दार लावून घेऊन कामाला बसला. संध्याकाळी आईचा फोन आला. हाड मोडलं नव्हतं, पण सूज होती. डॉक्टरांनी अजून तीन आठवडे कुबड्या सांगितल्या होत्या. मालकांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघत बसले. मी सरोवर दाखवलं. दुसरं दाखवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

तीन आठवड्यांनी मुलगी आली आणि दीड सेंटिमीटरचा बूट घालून माझ्या टेबलापासून दारापर्यंत चालत गेली. मालक भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी तिची माफी मागितली. ती "असू दे" म्हणाली आणि सूतभरच्या खोलीत गेली. त्या दिवशी मला मालकांची थोडी कीव आली. ती फार वेळ टिकली नाही.

मित्रांनो, अशा हकिकतीच्या शेवटी माझ्यासारख्यानं हात जोडून सांगायचं असतं, की आम्हा जुन्या वस्तूंना पुसत जा, जपत जा. मला हात नाहीत, आणि मला नाही पुसलंत तरी माझं काही अडणार नाही. मला जपण्यात तुमचा वेळ घालवू नका. त्यापेक्षा समोरची गोष्ट उघडली नाही, कळली नाही, वाचता आली नाही, तर तसं तोंडानं सांगायला शिका. 'उघडत नाही.' दोनच शब्द आहेत. मालकांना ते सात आठवडे लाजेनं म्हणवले नाहीत, आणि त्यांच्या लाजेचे तीन आठवडे एका नऊ वर्षांच्या मुलीनं कुबड्यांवर काढले.